स्पीकर, टर्नटेबल आणि त्यांचे पाय: घरातलं कंपन नीट कसं रोखावं

टर्नटेबलची सुई रेकॉर्डच्या खाचेत जी हालचाल वाचते ती कित्येकदा एका मायक्रोनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. तानपुऱ्याची आस, सम आल्यावर विरत जाणारा स्वर, हे सगळं त्या पातळीवर कोरलेलं असतं. आता त्याच टर्नटेबलखालच्या कपाटाला चालणाऱ्याच्या पावलाने, फ्रिजच्या कंप्रेसरने आणि शेजारी उभ्या स्पीकरने धक्के बसत असतील, तर सुई तेही तितक्याच इमानाने वाचते. यंत्राखाली बसवायच्या कंपनरोधक पायांचं खरं काम इथे आहे.

हे पाय शंभर रुपयांच्या रबरी तुकड्यापासून हजारोंच्या संचापर्यंत मिळतात आणि बहुतेक लोक ते नाव पाहून किंवा कुणी सुचवलं म्हणून घेतात. पाय वजन पाहून घ्यायचा असतो. तुमच्या यंत्राचं वजन त्या पायाला योग्य तेवढं दाबत असेल तरच तो कंपन अडवतो. नसेल तर कितीही महाग असला तरी तो नुसता ठोकळा. खाली जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी जमीन ओळखा

आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आहेत आणि वरचे चार लाकडी. त्याच्या आसपासच्या जुन्या घरांतही माडी बहुधा लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेली असते. अशा जमिनीवर माणूस चालला की जमीन स्वतः वरखाली होते. शोकेसमधल्या काचा किणकिणतात, सुई उडते. याउलट टिळक नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतल्या नंतरच्या घरांत स्लॅब आणि वर कोटा फरशी किंवा टाइल्स असतात. तिथे पावलांचा त्रास थोडा. पण स्पीकरचा खर्ज स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या घरात पोचतो. त्रास वेगळा, म्हणून उपायही वेगळा.

तुमची जमीन कोणत्या जातीची हे पाच मिनिटांत कळतं. टर्नटेबल जिथे आहे किंवा ठेवायचं आहे तिथे मोबाइल आडवा ठेवा. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन तांत्रिक विद्यापीठाने बनवलेलं. त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम सुरू करा. दीड-दोन मीटरवर चवड्यांवर उभे राहा आणि टाचा एकदम खाली टाका. पडद्यावर उंच सुळका उठला आणि तो वीस हर्ट्झच्या (सेकंदाला वीस कंपनांच्या) खाली असला तर जमीन झुलते आहे. काहीच विशेष दिसलं नाही तर जमीन ठाम आहे. हे काम रात्री, रस्ता शांत झाल्यावर करावं. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या दिवशी मोजायला बसलात तर घराऐवजी मिरवणुकीचं माप येईल.

कोण हलवतो, कोण हलतो

प्रत्येक वस्तूकडे बघून एवढंच ठरवायचं: ही कंपन तयार करते, की हिला कंपनाने बाधा होते? स्पीकर, सबवूफर, मोठा ट्रान्सफॉर्मर, फ्रिज ही पहिल्या गटातली. टर्नटेबल आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर दुसऱ्या गटातले. व्हॉल्व्हच्या आतली बारीक जाळी हलली की तिचा आवाज स्पीकरमधून ऐकू येतो. काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की टण्ण असा आवाज येतो, तो हाच.

साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर, डीएसी (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा संकेत करणारी पेटी), नेटवर्क प्लेअर हे मात्र या दोन्हींत जवळजवळ बसत नाहीत. सीडी प्लेअरला चुका दुरुस्त करणारी सांकेतिक व्यवस्था असते. तबकडी उडण्याइतका धक्का बसला नाही तर बाहेर येणारे आकडे तेच राहतात. माझं स्पष्ट मत आहे की पैसे मोजके असतील तर या वस्तूंखाली महाग पाय लावण्यात ते घालू नयेत. तेवढ्या पैशांत खिडकीला जाड पडदा आणि स्पीकरसमोरच्या उघड्या कोट्यावर एक सतरंजी येते, आणि त्याने पडणारा फरक कानाला लगेच कळतो.

एक सूत्र, ते पाठच करा

पायावर वजन ठेवल्यावर तो किती मिलिमीटर दबतो ते मोजा. त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर येतं ती त्या पायाची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये. एक मिलिमीटर दबला तर जवळपास १६ हर्ट्झ. अडीच मिलिमीटरला १०. दहा मिलिमीटरला ५. रबराच्या बाबतीत खरा आकडा थोडा वर जातो, कारण झपाट्याने हलवलं की रबर जास्त ताठ वागतं. स्प्रिंगच्या बाबतीत सूत्र जवळजवळ तंतोतंत लागू पडतं.

याचा उपयोग असा. पाय त्याच्या कंपनसंख्येच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेल्यावरच अडवायला लागतो. दुपटीला साधारण एक तृतीयांश कंपन पलीकडे जातं, तिपटीला आठवा हिस्सा. आणि नेमक्या त्याच कंपनसंख्येवर पाय कंपन वाढवतो. हे न कळल्यामुळे मऊ पाय लावून आवाज आधीपेक्षा बिघडल्याची तक्रार ऐकू येते; पाय वाईट नसतो, चुकीच्या जागी दबलेला असतो.

एक उदाहरण कानाजवळचं घेऊ. काळी एकमध्ये तानपुरा लावला तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. दहा हर्ट्झचा पाय त्या स्वराचं कंपन जवळजवळ पूर्ण थोपवतो. पण माडीवर कुणी चाललं आणि जमीन १२ हर्ट्झला झुलली, तर तोच पाय काहीही थोपवत नाही, उलट भर घालतो.

वजन आणि तोल

यंत्राचं वजन माहितीपत्रकात असतं; नसेल तर स्वतः वजनकाट्यावर उभे राहा, मग यंत्र हातात घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. पण निव्वळ वजनाला चाराने भागून चालत नाही. ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असतो, टर्नटेबलमध्ये मोटर किंवा आर्म (सुई धरणारा दांडा). त्या बाजूचे पाय जास्त दबतात.

तोल शोधायला स्वयंपाकघरातलं लाटणं घ्या. ते टेबलावर पुढे-मागे सरकणार नाही असं दोन्हीकडून अडकवा, वर यंत्र ठेवा आणि दोन्ही हातांनी धरून हळूहळू डावी-उजवीकडे सरकवा. ज्या जागी ते दोन्ही बाजूंना सारखं डुलतं तिथे खाली पेन्सिलीची रेघ ओढा. मग यंत्र नव्वद अंशांत फिरवून दुसरी रेघ. दोन रेघा छेदतात तो तोलाचा बिंदू. पाय त्या बिंदूपासून सारख्या अंतरावर लावले की चारांवर सारखा भार येतो. टर्नटेबल असेल तर आधी आर्म बांधून टाका आणि थाळी, झाकण जागेवर ठेवा, कारण वाजताना ते तिथेच असणार आहेत. झाकण काढून ऐकत असाल तर काढूनच तोला.

तीन पाय की चार? तीनांवर वस्तू कधी लटपटत नाही, म्हणून जड आणि ठेंगण्या यंत्राला तीन उत्तम. उंच स्पीकरला तीन लावू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

बाजारातून काय आणावं

तयार पायांमध्ये कॅनडाच्या आयसोअकूस्टिक्सचे पाय आपल्याकडे बरेच माहीत आहेत, आणि त्यांची एक गोष्ट मला पटते: प्रत्येक पायावर किती वजन चालेल ते ते स्वच्छ सांगतात. ओरिया मालिकेत ग्रॅफाइट दर पायाला १.८ किलोपर्यंत, ब्राँझ ३.६, इंडिगो ७.२ आणि बोर्दो १४.५ किलोपर्यंत. स्पीकरसाठीच्या गाया मालिकेत चार पायांच्या संचावर गाया तीन ३२ किलो, गाया दोन ५४ किलो आणि गाया एक १०० किलोपर्यंत. सहा किलोच्या टर्नटेबलखाली बोर्दो लावला तर तो दबणारच नाही. मोठा म्हणजे चांगला, असं इथे नसतं. कमाल वजनाच्या जवळ जाणारा, पण ते न ओलांडणारा पाय घ्यायचा.

सॉर्बोथेन या मऊ, धक्का शोषणाऱ्या पदार्थाचे गोल तुकडेही मिळतात. त्यांना त्यांच्या जाडीच्या दहा ते वीस टक्के दाबलं की ते नीट काम करतात. त्याहून कमी दबले तर वापर फुकट, जास्त दबले तर पसरून बसतात.

आणि आपला सियागंजचा बाजार आहे. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानांत ‘मशीन के नीचे का रबर’ म्हटलं की जनरेटर, पंप, वॉशिंग मशीन सगळ्यांचे रबर पुढ्यात येतात. यातले बहुतेक आपल्या कामाला फार कडक असतात, कारण ते पन्नास-शंभर किलोंसाठी बनवलेले असतात. म्हणून विकत घेण्याआधी अंगठ्याने दाबून बघा. जोर लावूनही खळगा पडत नसेल तर परत ठेवा. पसंत पडलेल्याचा एकच नग घरी आणा. त्याची उंची पट्टीने मोजा, वर पाच किलो कणकेची पिशवी तोलून ठेवा आणि पुन्हा मोजा. दबलेला आकडा सूत्रात घाला. एक मिलिमीटरच्या आसपास दबला तर बाकीचे तीन आणा. अर्धा मिलिमीटरही हलला नसेल तर एकाच तुकड्याचे पैसे गेले.

स्प्रिंग घ्यायची असेल तर दुकानदाराला वजन आणि दबणं सांगा: चार किलोला दहा मिलिमीटर दबणारी, मोकळी उंची तीन-चार सेंटिमीटर. अशा चार स्प्रिंगांवर सोळा किलो छान बसतात आणि कंपनसंख्या पाचवर येते.

टर्नटेबल

इथे मी जरा थांबणार आहे, कारण कंपनरोधक पायांचा खरा फायदा सर्वांत जास्त इथेच होतो आणि नुकसानही इथेच होऊ शकतं.

आर्म आणि सुई बसवलेली कार्ट्रिज मिळून एक झोका तयार होतो आणि त्याची कंपनसंख्या साधारण ८ ते १२ हर्ट्झ ठेवलेली असते. रेकॉर्डचा वाकडेपणा त्याच्या खाली राहतो आणि संगीत वर. म्हणजे पायाची कंपनसंख्या या ८ ते १२ च्या पट्ट्यात आली तर दोन झोके एकमेकांना जोर देतात. पाय एकतर पाचच्या आसपास हवा किंवा पंधराच्या वर. पंधराच्या वरचा रबरी पाय स्पीकरचा खर्ज, फ्रिज, पंखा यांना अडवतो, पावलांना नाही. पाचचा स्प्रिंगचा पाय पावलांनाही बऱ्यापैकी अडवतो, पण यंत्र हात लावला की डुलतं आणि सुई ठेवताना सवय करावी लागते.

ज्या टर्नटेबलमध्ये थाळी आणि आर्म आतल्या स्प्रिंगांवर आधीच लटकवलेले असतात, त्यांना खाली आणखी मऊ पाय देऊ नका. १९६१ च्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या टर्नटेबलने ही पद्धत रूढ केली आणि लिन कंपनीचा सोंडेक टर्नटेबलही त्याच वळणाचा. अशा यंत्रांना हलकी आणि ताठ फळी मानवते. १९७२ पासूनच्या टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या जड, घट्ट बांधणीच्या यंत्रांना मात्र खालून मदत चालते.

आता काम क्रमाने करू. पहिल्यांदा मूळ स्थिती तपासा: थाळी बंद, रेकॉर्ड स्थिर, आवाज शून्यावर. सुई रेकॉर्डवर हलकेच टेकवा आणि आवाज रोजच्या पातळीपर्यंत सावकाश वाढवा. घूं घूं करत आवाज चढायला लागला तर लगेच खाली आणा. तो स्पीकर आणि सुई यांच्यातला फेरा आहे आणि तो वूफरला मारू शकतो. शांत असेल तर कपाटावर नखाने टिचकी मारा. स्पीकरमधून धप्प आवाज येईल. तो लक्षात ठेवा, शक्य असल्यास मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मग सुई उचला, आवाज बंद.

आता खाली जड पाट द्या. दगडाच्या दुकानातून कोट्याचा ४५ बाय ३५ सेंटिमीटर, अडीच सेंटिमीटर जाडीचा तुकडा कापून घ्या, कडा घासून घ्या. तो साधारण दहा किलोंचा होतो. साडेपाच-सहा किलोंचं यंत्र त्यावर ठेवलं की एकूण सोळाच्या आसपास येतं, म्हणजे दर पायाला चार किलो. हलक्या यंत्राला योग्य दबणारे पाय मिळत नाहीत ही अडचण या पाटाने सुटते. कोटा आणि यंत्र यांच्यामध्ये यंत्राचे मूळ पाय तसेच राहू द्या, कोट्याखाली नवे पाय.

गवंड्याकडची पाणसळ घेऊन थाळीवर दोन्ही दिशांनी बघा. मोबाइलमधली चालेल, पण मोबाइलचं वजन थाळीच्या मधोमध पडेल असं ठेवा. पाय फिरवून उंची बदलता येत नसेल तर कमी बाजूच्या पायाखाली पातळ पत्र्याचा तुकडा. रबरी पाय पहिल्या दिवसभरात थोडे बसतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पाणसळ पुन्हा लावा.

मग तारा. ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जाड, ताठ पॉवर केबल यंत्राला मागून ओढून धरत असेल तर पायांनी थांबवलेलं कंपन तिच्यातून आत जातं. केबलला सैल वळसा द्या आणि ती यंत्रापासून वीतभर अंतरावर कपाटाला अडकवा.

शेवटी टिचकीची चाचणी पुन्हा. धप्प आवाज मंद झाला किंवा गेला असेल तर काम झालं.

झुलणाऱ्या माडीवर मात्र या सगळ्यापेक्षा भिंतीतली फळी श्रेष्ठ. जुन्या घरांच्या भिंती जाड असतात. त्यात लांब अँकर बोल्ट घालून लोखंडी ब्रॅकेट बसवा आणि त्यावर फळी. जमिनीशी संबंधच उरत नाही. आतल्या पातळ पार्टिशनवर हे करू नका.

स्पीकर

खिळ्यासारखे टोकदार पाय, म्हणजे स्पाइक, आणि कंपनरोधक पाय ही दोन उलट कामं आहेत. स्पाइक स्पीकरला जमिनीशी जखडतो, कंपनरोधक पाय तोडतो. जाड सतरंजी किंवा गालिचा असेल तर स्पाइक स्पीकरला स्थिर करतो. टाइल्सवर तो घसरतो आणि चरे पाडतो. लाकडी माडीवर तो खर्ज थेट फळ्यांत घालतो आणि सगळी खोली ढोलासारखी वाजायला लागते. तिथे कंपनरोधक पाय लावल्यावर खर्ज कमी वाटतो, पण तबल्याचा बायाँ एकदम मोकळा, सुटा ऐकू येतो.

मोठा स्पीकर दोघांनी मिळून गादीवर आडवा करा. एकट्याने नको. जुने स्पाइक सोडवा आणि त्यांच्या आट्यांचं माप बघा; बहुधा एम ६ किंवा एम ८ असतं. नवा पाय हाताने पूर्ण आत फिरवा, आटे चढले नसताना पाना लावू नका, एमडीएफमधली (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीतली) आटी फाटली तर दुरुस्ती कठीण. उभा केल्यावर पाणसळ लावा आणि मग चेकनट घट्ट करा. गायाच्या पायावरचं नाव पुढे किंवा मागे तोंड करून ठेवायचं असतं, आडवं नाही. त्याच दिशेने तो स्पीकरच्या मागे-पुढे होण्याला थोपवतो.

टेबलावरच्या लहान स्पीकरखाली घट्ट फोमचे तिरके ठोकळेही पुरतात. त्यांचा अर्धा फायदा कंपनाचा नसून ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या रेषेत येण्याचा असतो, आणि तो फायदाही खराच आहे.

सबवूफर आणि खालचे शेजारी

सबवूफर २० हर्ट्झपर्यंत उतरतो. त्याला दहा हर्ट्झचा पाय दिला तर अगदी खालच्या टोकाला एक तृतीयांश कंपन तरीही जमिनीत जातं; वर ४०-५० ला मात्र चांगली सुटका होते. पण खालच्या घरात जे ऐकू येतं त्यातला मोठा भाग हवेतून स्लॅबवर आदळलेला असतो, त्यावर कोणत्याही पायाचा इलाज नाही. सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा आणि रात्री दहानंतर त्याचा आवाज उतरवा. शोकेसच्या काचा थरथरत असतील तर काचेच्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवा, सबवूफरच्या पायांवर खर्च नको.

ऐकून खात्री कशी करायची

पाय लावल्यावर स्पीकर तीन-चार सेंटिमीटर वर जातो, कधी भिंतीपासून थोडा सरकतो, आणि एवढ्यानेही आवाज बदलतो. म्हणून जुन्या पायांची तुलना करताना खाली तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे द्या आणि जमिनीवर चिकटपट्टीने जागा आखून ठेवा. आवाजाच्या नॉबला हात लावू नका. घरातल्या कुणाला तरी पाय बदलायला सांगा, कधी बदलले आणि कधी नुसतं नाटक केलं ते त्यांनी लिहून ठेवावं, तुम्ही त्या वेळी खोलीबाहेर.

ऐकायला विलंबित ख्याल घ्यावा. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा संथ, मंद्रातला आलाप या कामाला अतिशय योग्य आहे, आणि ते इंदूर घराण्याचे म्हणून नव्हे: त्यात स्वरांच्या मध्ये इतकी शांतता असते की टर्नटेबलची घरघर लपायला जागा उरत नाही. तानपुरा सलग ऐकू येतो की ठेक्याच्या मागे बुडतो, ते पाहा. दणदणीत वाद्यवृंदात हे कळणार नाही.

नंतरची काळजी

काळं रबर पॉलिशच्या लाकडावर आणि संगमरवरावर डाग सोडतं, आणि तो निघत नाही. प्रत्येक पायाखाली काचेची किंवा टाइलची छोटी चकती ठेवा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पश्चिमेच्या खिडकीशी यंत्र नको; रबर तापून मऊ होतं आणि वर्षागणिक कडकही होत जातं. पाय लावल्या दिवशी दबलेली उंची मोजून कोट्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा मोजा, चेकनट तपासा. एखादा पाय बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली बसला असेल तर चारही बदला, कारण एकटा नवा पाय उंच राहतो आणि पाणसळ पुन्हा बिघडते.